नव्या संगणकाचे भाग निवडताना

तुळशीचे लग्न लागले की सांगलीतील मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि माझ्या टेबलावर मेमरी कार्डांची चळत वाढत जाते. लग्नांचे व्हिडिओ संपादित करणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. त्याच्या जोडीला मी हौशी नाट्यसंस्थांसाठी नेपथ्याची त्रिमितीय चित्रे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करून देते, म्हणजे सुताराने फळी कापण्याआधीच दिग्दर्शकाला सेट डोळ्यांनी पाहता येतो. रात्री त्याच संगणकावर माझा धाकटा भाऊ आणि मी गेम खेळतो. ही तिन्ही कामे एकाच यंत्राने नीट करावीत म्हणून गेल्या हंगामानंतर मी सुटे भाग आणून नवा संगणक जोडला. सुरुवातीला सगळे विचारतात तेच मीही विचारत होते, की प्रोसेसर कोणता घ्यावा. जुना संगणक नेमका कुठे अडतो हे पाहिल्यानंतर तो प्रश्न बराच मागे पडला.

एका संध्याकाळी तीन कॅमेऱ्यांचे फुटेज टाइमलाइनवर लावून मी शेजारी टास्क मॅनेजर, म्हणजे प्रत्येक भागावरचा भार दाखवणारी खिडकी, उघडा ठेवला. नेमके अक्षता पडतात तिथे चित्र अडकत होते. प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांना टेकला होता, 16 जीबी रॅमपैकी जेमतेम अर्धा जीबी मोकळा होता आणि ग्राफिक्स कार्डाच्या पानावरील ‘व्हिडिओ डिकोड’चा (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याच्या कामाचा) आलेख मात्र शून्यावर सपाट पडला होता. कारण फायलींच्या प्रकारात होते. अलीकडचे अनेक कॅमेरे एच.265 या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत 10 बिट (रंगांच्या अधिक बारीक छटा), 4:2:2 असे चित्रण करतात. 4:2:0 या नेहमीच्या पद्धतीत चार पिक्सेलांमागे रंगाचा एकच नमुना साठवला जातो, तर 4:2:2 मध्ये दोन साठवले जातात. लाल शालूवरील जरीची कड रंगदुरुस्तीनंतरही स्वच्छ राहते, त्यात या फरकाचा मोठा वाटा असतो. परंतु एनव्हिडियाच्या 50 मालिकेआधीच्या कार्डांमध्ये हा प्रकार उलगडण्याची सोयच नव्हती, त्यामुळे सगळा भार एकट्या प्रोसेसरवर पडत होता.

इंटेलच्या प्रोसेसरांमधील अंतर्गत ग्राफिक्स हे काम गेल्या काही पिढ्यांपासून करते, म्हणून माझी पहिली यादी इंटेलची होती. त्या वाटेने जाणाऱ्यांनी नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले मॉडेल टाळावे, कारण त्यात अंतर्गत ग्राफिक्स वापरता येत नाही आणि थोडे पैसे वाचवताना हीच सोय हातची जाते. 2025 मध्ये आलेल्या आरटीएक्स 50 मालिकेतील कार्डे मात्र 4:2:2 स्वतःच उलगडतात. तुमचे संपादनाचे सॉफ्टवेअर ती सोय वापरते ना, एवढे आधी तपासावे लागते. माझे सॉफ्टवेअर ती वापरते हे पाहिल्यावर प्रोसेसर निवडण्यास मी मोकळी झाले आणि एएमडीचा रायझन 7 7700 घेतला. त्यात 8 कोर (काम करणारे गाभे) व 16 थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, त्याचा टीडीपी, म्हणजे थंड करताना गृहीत धरायची उष्णता, 65 वॅट आहे, आणि त्याचे एएम5 सॉकेट (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) किमान 2027 पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिलेले असल्यामुळे पुढे मदरबोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवता येईल.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत घरात बरीच चर्चा झाली. भाऊ म्हणाला, “ताई, 8 जीबीचं कार्ड घे आणि उरलेल्या पैशांत एक्स3डी प्रोसेसर बसव, गेम पळतील.” त्याचे म्हणणे निराधार नव्हते, कारण एएमडीच्या एक्स3डी प्रोसेसरांची वाढीव कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) गेममध्ये खरोखर उपयोगी पडते. मात्र आम्ही 1440पी रिझोल्यूशनवर खेळतो आणि या दर्जाच्या कार्डावर तिथे बहुतेक मोठ्या गेमचा वेग कार्डच ठरवते, शिवाय रेंडरिंगमध्ये, म्हणजे सीनचे अंतिम चित्र तयार करताना, त्या कॅशेचा फारसा लाभ मिळत नाही. उलट ब्लेंडरमधील सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर रेंडर एक तर बंद पडतो किंवा रॅमचा आधार घेत रखडतो. वाड्याच्या चौकाचा एक सेट, त्यातील लाकडाचे आणि दगडाचे मोठे टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रे), एवढ्यावरच 8 जीबी संपल्याचे मी अनुभवले आहे. म्हणून आरटीएक्स 5060 टीआय घेतले, पण आग्रहाने 16 जीबीचे. एकाच नावाने दोन मेमरींची कार्डे विकली जातात, तेव्हा खोक्यावरचा आकडा स्वतः वाचून घ्यावा.

रॅम 64 जीबी घेतली, तीही 32 च्या दोन पट्ट्यांत, कारण एएम5 वर चार पट्ट्या लावल्या की डीडीआर5 रॅमचा वेग बराच खाली आणावा लागतो. एसएसडीच्या बाबतीत साधा हिशेब कामी आला. माझे फुटेज सेकंदाला 200 मेगाबिटचे असते, म्हणजे सेकंदाला 25 एमबी आणि तासाला 90 जीबी. तीन कॅमेरे एकत्र चालले तरी 75 एमबी होतात, त्यामुळे सर्वांत वेगवान पाचव्या पिढीच्या एसएसडीवर खर्च करण्याऐवजी चौथ्या पिढीची अधिक क्षमतेची घेणे मला शहाणपणाचे वाटले.

एसएमपीएसविषयी, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीविषयी, मात्र मी हट्टी आहे. जुन्या संगणकाला दुकानदाराने कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस बसवून दिला होता. हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्याइतका हलका लागायचा, आणि त्यावर 500 वॅट छापले होते. मे महिन्यात एका संध्याकाळी लाइट जाऊन परत आली, जळका वास आला आणि तो जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी द्यायचा व्हिडिओ चार दिवस उशिरा गेला आणि नवरीच्या आईची मला फोनवर माफी मागावी लागली. या वेळी प्रोसेसर जोरात चालताना 88 वॅट, कार्ड 180 वॅट आणि उरलेल्या भागांचे साधारण 50 वॅट अशी बेरीज करून नामांकित कंपनीचा 650 वॅटचा, गोल्ड कार्यक्षमता-दर्जाचा एसएमपीएस घेतला. यूपीएसही बदलला, कारण घराघरांत असणारा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो आणि रेंडर चालू असताना तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटले.

उष्णतेचा विचार आमच्याकडे टाळता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरानंतर आम्ही संगणक वरच्या मजल्यावर हलवला. तिथे पाण्याची भीती नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. त्यामुळे काचेच्या दर्शनी भागाची देखणी कॅबिनेट सोडून मी पुढे जाळी असलेली साधी कॅबिनेट निवडली. पुढून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक असे 120 मिमीचे तीन पंखे लावले, म्हणजे आतील दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ फटींतून न शिरता गाळणीवर अडकते. ती गाळणी दर पंधरवड्याला नळाखाली धरली की पाणी मातकट होऊन वाहते.

सगळे जोडून झाल्यावर तेच लग्न, तेच तीन कॅमेरे मी पुन्हा टाइमलाइनवर लावले. अक्षता न अडखळता पडल्या, ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढला आणि प्रोसेसर निवांत राहिला. मॉनिटर अजून जुनाच आहे. त्यावर हळदीचा पिवळा रंग थोडा हिरवट दिसतो, म्हणून रंगदुरुस्तीचे शेवटचे काम अजूनही मी शेजारी फोन ठेवून पडताळते. दिवाळीपर्यंत एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचातील सगळे रंग दाखवणारा 27 इंची आयपीएस (बाजूने पाहतानाही रंग नीट दाखवणाऱ्या प्रकारचा) मॉनिटर घेण्याचा विचार आहे.