ई-टाइप 1/24: तोंड सिरीज 2 चं, दिवे सिरीज 1 चे

जॅग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचं 1/24 मापाचं प्लास्टिक मॉडेल किटमधून बनवतोय. मागच्या नोंदीत बॉनेटला पहिला प्रायमर मारून थांबलो होतो. राखाडी थर चढला आणि किटचं पितळ उघडं पडलं.

खोक्यावर सिरीज 1 (म्हणजे ई-टाइपची पहिली आवृत्ती), 4.2 लिटर इंजिनची कूपे. मागचे दिवे बारीक आणि बंपरच्या वर: सिरीज 1. एक्झॉस्टच्या नळ्या मधोमध एकमेकींना चिकटून: सिरीज 1. हेडलाइट काचेच्या आवरणाखाली: सिरीज 1. पुढचं तोंड, म्हणजे बॉनेटच्या टोकाचं हवेचं भोक, मात्र सरळसरळ सिरीज 2 चं. 1968 मध्ये जॅग्वारने जास्त हवा आत यावी म्हणून तोंडाचं क्षेत्रफळ 68 टक्क्यांनी वाढवलं. हा फरक 1/24 मध्येही डोळ्यांत खुपतो. साचा करणाऱ्याने बहुधा हाताशी येईल त्या गाडीची मापं घेतली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तेवढा चोख आहे: कॅलिपरवर 101.6 मिमी, म्हणजे खऱ्या गाडीचे 96 इंच. 2+2 ची, म्हणजे मागे दोन जादा सीट असलेल्या लांब ई-टाइपची, तळपाटी वापरली असती तर 111 भरला असता, आणि मग किट थेट अडगळीत.

तोंड लहान करायचं म्हणजे भोक बुजवायचं एवढंच असतं तर काय हवं होतं! या बॉनेटवर सपाट जागा शोधून सापडत नाही. ई-टाइपला आकार देणारा माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला माणूस. त्याची प्रत्येक रेघ पुढच्या रेघेत विरघळते आणि सगळ्या जाऊन मिळतात त्या नेमक्या या तोंडाच्या ओठावर. ओठ पुन्हा आत वळलेला. ट्यूबमधल्या लॅकर पुट्टीचे पातळ थर चढवून पाहिले. सुकताना ती आक्रसते आणि आदल्या दिवशी जुळलेली कड दुसऱ्या दिवशी खचलेली दिसते. असल्या कामाला ट्यूबमधली पुट्टी घेऊच नये, हे माझं ठाम मत. एका विक्रेत्याकडून रेझिनचं बदली नाक मागवलं, तर ते डावीकडे पिळलेलं निघालं. गरम पाण्यात घालून सरळ केलं, थंड झाल्यावर पठ्ठ्या पुन्हा मूळ पदावर.

तोडगा उलट्या बाजूने सापडला. ओठ कोरत बसण्यापेक्षा भोकच आधी घडवलं. जाड स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून सिरीज 1 च्या तोंडाच्या मापाचा गट्टू केला. समोरून काढलेल्या फोटोवरून अर्धाच आकार कागदावर उतरवला आणि घडी घालून कापला, म्हणजे डावं-उजवं आपोआप सारखं. गट्टूला व्हॅसलीन फासलं, तोंडात मधोमध बसवला आणि भोवती दोन भागांची इपॉक्सी पुट्टी दाबली. रात्रभर ठेवून ओढला, तर जिलेटिनच्या साच्यासारखा अलगद सुटला. आतली कड एकदम स्वच्छ! बाहेरचा उतार फोमच्या सँडिंग स्पंजने, आधी 400 मग 800 ग्रिटच्या. या गोलाईवर कागद वापरू नका, तो पैलू पाडतो.

प्रायमरचा नवा थर मारून नाक समोर धरलं, आणि पहिल्यांदाच ते ई-टाइपसारखं दिसलं. मधली आडवी पट्टी पितळी तारेची केली आहे. किटमधली तिप्पट जाड होती.

आता हेडलाइटची आवरणं. किटमधली इतकी जाड आहेत की आतला दिवा भिंगाखाली ठेवल्यासारखा फुगतो. पातळ ॲसिटेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) तापवून लाकडी ठोकळ्यावर ओढलं तर लाटा येतात. अजून एकही जोडी मनासारखी उतरलेली नाही, म्हणून पुढचा बेत व्हॅक्यूम-फॉर्मिंगचा, म्हणजे तापलेलं प्लास्टिक हवा ओढून साच्यावर बसवणारा, डबा बनवण्याचा होता.

होता, कारण हे टंकताना सुचलं: आवरणं हवीतच कशाला? ही सिरीज 1½ का करू नये? कारखान्याने हे नाव कधी दिलं नाही, ते शौकिनांचं. 1967-68 च्या या गाड्यांचं तोंड लहानच राहिलं, मागचे दिवेही बंपरच्या वरच, फक्त हेडलाइटवरची काच गेली. दिवा त्याच खोल जागी, भोवती क्रोमची किनार. तो पुढे सरकला सिरीज 2 मध्ये. म्हणजे गट्टूची मेहनत वाया जात नाही आणि ॲसिटेटचं झंझट सुटतं.

अडचण कार्ब्युरेटरची. अमेरिकेला गेलेल्या शेवटच्या 1½ गाड्यांवर एसयू कंपनीचे तीन कार्ब्युरेटर जाऊन स्ट्रॉम्बर्गचे दोन आले. माझे तीन एचडी8 (एसयूचंच मॉडेल) मागच्याच महिन्यात तारांसकट बसवलेत, ते काही मी उपटणार नाही. पण इंग्लंडमध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांवर तिन्ही एसयू कायम होते. किटमध्ये उजव्या स्टिअरिंगचा डॅशबोर्डही आहे. प्रश्न मिटला: गाडी उजव्या हाताची.

डॅशबोर्डवरची टॉगल (दांडीची) बटणं ठेवायची की रॉकर (चपटी, दाबायची) करायची, हे ठरलेलं नाही. बदल सगळ्या गाड्यांत एकाच दिवशी झाले नाहीत, त्यामुळे कुणी बोट ठेवलं तर वाद घालायला जागा आहे. कॅम कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरची झाकणं) मात्र गुळगुळीत, पॉलिश केलेलीच ठेवतोय. रेघांची काळी-रुपेरी मला कधीच आवडली नाहीत.

खऱ्या दिव्याचा व्यास 7 इंच, म्हणजे इथे साधारण 7.4 मिमी. तेवढ्या आतल्या मापाची पातळ ॲल्युमिनियम नळी कुणी वापरली असेल तर सांगा. क्रोम फॉइलची किनार गुंडाळून पाहिली, पण जोड दिसतो.