तीन ईसा नि सात

आमची आजी उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर वाळलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, मोजायची तेव्हा वीसच्या पुढं जायचीच नाही. वीस झाल्या की कोळशानं भिंतीवर एक रेघ, परत एकपासून सुरू, आणि शेवटी सांगायची, "तीन ईसा नि सात". मी चौथीत, पाढे पाठ, मी म्हणायचो आजी सदुसष्ट म्हण ना. त्याच वर्षी वर्गात माझ्या तोंडून "आठे ये" निघालं, सगळी पोरं हसली आणि बाईंनी मला "इथे, इथे" असं दहादा म्हणायला लावलं, तेव्हापासून आजीची अहिराणी अन् आजीचं मोजणं दोन्ही मला चारचौघात नकोसं वाटायला लागलं. फार वर्षं वाटत राहिलं.

मागच्या महिन्यात काक्टोविकबद्दल वाचलं आणि भिंतीवरच्या त्या रेघाच डोळ्यापुढं आल्या. काक्टोविक हे अलास्काच्या पार उत्तर टोकाला, बार्टर बेटावरचं इनुपियाक लोकांचं छोटंसं गाव. अशा लोकांना आपण शाळेत एस्किमो म्हणायला शिकलो, पण तो शब्द त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अपमानाचा वाटतो. त्यांची स्वतःची नावं वेगळी: इनुइट म्हणजे माणसं, इनुपियाक त्यांच्यातलेच, आणि त्यांचे नातलग युपिक म्हणजे खरा माणूस. आणि या भाषांमध्ये मोजणी वीसवरच चालते, हाताची दहा बोटं अन् पायाची दहा, इनुपियाकमध्ये वीसला जो शब्द आहे त्याचा अर्थच एक पुरा माणूस!

१९९४ साली तिथल्या शाळेतल्या पोरांच्या लक्षात आलं की आपली मोजणी वीसची आणि शाळेतले आकडे दहाच, मग उरलेल्या दहांसाठी त्यांनी आधी नवी चिन्हं काढून बघितली पण ती लक्षातच राहीनात, म्हणून सगळंच नव्यानं मांडलं. एकासाठी एक उभी रेघ, अशा चारपर्यंत, आणि पाच झाले की वर एक आडवी, त्या तीनपर्यंत. झाले एकोणीस. शून्याला त्यांच्या भाषेत शब्द नव्हता, तर हातांची फुली घातल्यासारखं चिन्ह केलं. सदुसष्ट लिहायचे तर आधी तीन उभ्या रेघा, म्हणजे तीन ईसा, आणि शेजारी एक आडवी नि खाली दोन उभ्या, म्हणजे सात. बेरीज करताना बऱ्याचदा रेघा नुसत्या एकत्र करायच्या, उत्तर डोळ्यांना दिसतं. आज हे आकडे युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आहेत, २०२२ पासून.

अलास्कात पोरांना आपली भाषा बोलली म्हणून शाळेत शिक्षा व्हायच्या, पिढ्यानपिढ्या. तिकडं सायबेरियाच्या किनाऱ्यावर युपिकच्या जवळची सिरेनिक भाषा होती, ती बोलणारी शेवटची बाई १९९७ मध्ये गेली. अशा सगळ्यात एका गावची पोरं उठून आपल्या आज्यांच्या मोजणीला आकडे देतात, मला तर भरून आलं. आपल्याकडं अजून आईबापच सांगतात, पाहुण्यांसमोर अहिराणी बोलू नको.

अजून एक गोष्ट मनातून जात नाही. इनुइटांच्या जुन्या श्रद्धेत नाव म्हणजेच एक आत्मा. कोणी गेलं की नंतर जन्मलेल्या बाळाला ते नाव द्यायचं, मग तो माणूस त्या बाळात असतो आणि नातंही तेच लागतं, नातवाला आजीच्या वडलांचं नाव असलं तर आजी त्याला बाबा म्हणून हाक मारते. मिशनरी आले, बहुतेक लोक ख्रिस्ती झाले, तरी ही रीत अजून टिकून आहे. आमच्या भावाच्या मुलीला आजीचंच नाव ठेवलंय, आणि सासूचं नाव कसं घ्यायचं म्हणून आई तिला पहिल्या दिवसापासून "माय" म्हणते.

ती आता सात वर्षांची आहे. परवा धाब्यावर बिबड्या काढताना मी तिला कोळसा दिला आणि काक्टोविकचे आकडे दाखवले. तिनं मोजल्या, दोन उभ्या रेघा काढल्या, बाजूला दोन आडव्या नि खाली एक उभी, आणि खाली वाकून ओरडली, "आजी, दोन ईसा नि अकरा!" आई चुलीपासून उठून वर बघायला आली.