आमची वाटचाल : वाइंडिंगच्या टेबलावरून विहिरीच्या काठापर्यंत

आमचं काम सुरू झालं ते रिवाइंडिंगपासून. पाण्याच्या पंपाची जळलेली मोटर यायची, जुनी तार उपसायची, नवीन कॉपर भरायचं, वार्निश मारून सुकवायची आणि परत द्यायची. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. काम चांगलं चालायचं पण एक गोष्ट सारखी खटकायची, तीच मोटर काही महिन्यांनी परत जळून यायची, आणि आमचं वाइंडिंग तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासून दिलेलं असायचं. मग ठरवलं की टेबलावर बसून याचं उत्तर मिळणार नाही, विहिरीवर जाऊन बघायलाच पाहिजे. तिथून आमचा धंदाच बदलला.

विहिरीवर गेल्यावर लक्षात आलं की लोक "पंप गेला" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा पंप चांगलाच असतो, घोळ पाइपात नाहीतर करंटमध्ये असतो. सगळ्यात जास्त तक्रार एकच, मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. एका काकूंकडे आधी कोणीतरी येऊन नवीन पंप घ्या म्हणून सांगून गेलेलं. आम्ही मेन स्विच बंद केला, प्रायमिंगच्या (चालू करण्याआधी पंपात पाणी भरायच्या) तोंडातून काठोकाठ पाणी भरलं आणि नुसतं बघत बसलो. थोड्या वेळाने सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, युनियनखाली (जोडाखाली) एक थेंब फुगायला लागला, अगदी सावकाश, पडला आणि मग दुसरा. मोटर बंद असताना जिथून थेंब बाहेर येतो ना, मोटर चालू झाली की तिथूनच हवा आत शिरते आणि पंपाला पाणी ओढता येत नाही. युनियनमधली रबर रिंग चपटी झालेली, तेवढी बदलली आणि पाणी सुरू. काकू भावाला म्हणाल्या, "अरे बाळा, एवढंच होतं?" हो काकू, एवढंच होतं.

भरलेल्या पाण्याची पातळी खाली जातेय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह, पाइपाच्या खालच्या टोकाचा पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लीक आहे. बऱ्याचदा त्याच्या वॉशरखाली खडा किंवा काडी अडकलेली असते, साफ केलं की काम होतं. आणि हे सगळं ठीक असूनही पाणी येत नसेल तर विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजा. वर बसवलेला साधा पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर हवेचा दाब ते पाणी वर ढकलत असतो, हिशोबाने 10.3 मीटरच्या वर ते जाऊच शकत नाही आणि प्रत्यक्षात 7 मीटरच्या आसपासच दम संपतो. पाणी त्याखाली गेलं की मोठ्या एचपीची मोटर लावूनही फरक पडत नाही, हे लोकांना पटवायला आम्हाला फार बोलावं लागतं. तिथे पंप खाली घ्या किंवा सबमर्सिबल टाका.

परत परत जळणाऱ्या मोटरींचं उत्तरही असंच विहिरीवर मिळालं. कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) कमजोर झाला की मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही, आणि घरचे लोक चालू होईल म्हणून बटण दाबतच राहतात, तेवढ्यात वाइंडिंग तापून जातं. व्होल्टेज कमी असलं तरी तेच, मोटर जास्त अँपिअर ओढते. म्हणून आम्ही लवकरच क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचं यंत्र) घेतला, आणि आजही चालू मोटरचे अँपिअर नेमप्लेटशी ताडून बघितल्याशिवाय आमचा माणूस मोटर खोलत नाही. (कपॅसिटरला हात लावण्याआधी लाइट बंद करून तो डिस्चार्ज करायचा, लाइट गेल्यावरही त्यात करंट राहतो.)

पुढे प्रेशर पंपांची कामं यायला लागली. नळ जरा उघडला की पंप चालू, बंद, चालू, बंद. पंपासोबतच्या प्रेशर टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली आणि पाणी आलं तर आतला ब्लॅडर (हवा आणि पाणी वेगळं ठेवणारी रबरी पिशवी) फाटलाय. हवाच कमी असेल तर टाकीतलं पाणी काढून मग हवा भरायची, पंप 30 पीएसआयला (दाबाचं माप) चालू होत असेल तर साधारण 28. स्विच बदलून हा त्रास जात नाही.

पाइपाच्या साइजवर मात्र मी ग्राहकाशी वाद घालतो, वाईट वाटलं तरी चालेल. पैसे वाचवायला अर्ध्या व्यासाचा पाइप टाकला तर तेवढंच पाणी ढकलताना घर्षणात जाणारा दाब सुमारे 32 पट होतो, मग वरच्या टाकीत धार बारीक येते आणि शिव्या पंपाला.

आता फोन माझी मिसेस सांभाळते आणि बरीच कामं ती फोनवरच सोडवते. तिचे प्रश्न ठरलेले, आवाज कसा येतो, पाणी अजिबात नाही की येऊन थांबतं, आधी व्यवस्थित चालायचं का, मध्ये कोणी पाइपाला हात लावला का. येऊन थांबतं म्हटलं की पाइपात हवा शिरणं किंवा विहिरीतलं पाणी कमी पडणं, अजिबात नाही म्हटलं की आधी प्रायमिंग. फुटबॉल काढायला स्वतः विहिरीत उतरू नका हेही ती प्रत्येकाला सांगते, खाली विषारी वायू किंवा ऑक्सिजन कमी असू शकतो. पाइप वर ओढून घ्यायचा. फोन करताना मोटरच्या नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा आणि पाण्याची खोली सांगा, म्हणजे आमची मुलं योग्य सामान घेऊनच निघतील.