विधी अधिकारी कोर्टात बोलत नाही, तेव्हा काय करतो?

सार्वजनिक संस्थेचा पगारी विधी अधिकारी स्वतः कोर्टात युक्तिवाद करत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ नोकरी पत्करणाऱ्याला वकिली थांबवावी लागते. हिमाचल प्रदेशातील वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हेच उचलून धरले. त्यामुळे वकीलपत्र पॅनेलवरील, म्हणजे संस्थेने नेमलेल्या बाहेरच्या वकिलांचे असते आणि त्यांच्या हाती काय पडणार, हे मात्र आमच्या, म्हणजे विधी अधिकाऱ्यांच्या, टेबलावर ठरते.

समन्स आले की आम्ही संबंधित विभागाकडून दाव्यातील प्रत्येक परिच्छेदावर अभिप्राय मागवतो. समजा, संस्थेच्या जागेच्या हद्दीचा दावा आहे आणि विभागाने ‘परिच्छेद 3 ते 11 मान्य नाहीत’ एवढाच शेरा मारून फाईल परत पाठवली, तर ती तशीच वकिलांकडे जाऊ देणे मला कधीही योग्य वाटलेले नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नुसार मोघम नकार पुरेसा नसतो आणि स्पष्टपणे न नाकारलेली बाब कबूल धरली जाऊ शकते. मोजणी कोणाच्या अर्जावरून झाली, ‘क’ प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर) हद्दीच्या खुणा कुठे दाखवल्या आहेत, कुंपण घातले तेव्हा शेजाऱ्याची हरकत आली होती का आणि आली असल्यास आवक नोंदवहीत तिचा क्रमांक काय, हे जागेवर गेलेल्या कर्मचाऱ्याला समोर बसवूनच विचारावे लागते. कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, 30 दिवसांची मुदत तोवर चालूच असते.

कागद संस्थेच्या विरोधात बोलत असतील, तर वरिष्ठांना तसे लेखी कळवून तडजोड सुचवणे हेही मी प्रतिनिधित्वच मानतो. आमचे अशील संस्था असते, निर्णयावर सही करणारा अधिकारी नव्हे.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि या कामाला वेगळीच निकड आली. पूर्वी रिट याचिकेसाठी फाईल घेऊन मुंबई गाठावी लागे. आता न्यायमूर्तींनी मूळ दस्तऐवज पाहायला मागितले, तर ते त्याच दिवशी हजर करता येतात. म्हणूनच प्रत्येक फाईलला पृष्ठांकन आणि अनुक्रमणिका असल्याशिवाय ती विभागाकडून स्वीकारायची नाही, असा आग्रह मी धरतो.