पेटी अपडेट: नोआयडलचा गुंता सुटला एकदाचा

सापडला! तीन आठवडे ज्याच्या मागं लागलो होतो तो पेटीतला बग काल रात्री साडेअकराला सापडला. (पेटी म्हणजे आण्णांसाठी बनवतोय तो नॉब आणि छोट्या पडद्याचा डबा, रास्पबेरी पायवरच्या एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या सर्व्हरला वायफायवरून कमांड देणारा.) कोड बदलला चार ओळींचा. पण नीट सांगतो, कारण एमपीडीचा क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम) सॉकेटपासून स्वतः लिहिणारा कुणीही इथं अडकू शकतो, लायब्ररी वापरणाऱ्यांना हे कधी दिसतच नाही.

लक्षण मागच्या वेळी लिहिलेलंच. नॉब सावकाश फिरवला तर पेटी एकदम शहाणी, भराभर फिरवला की ओलेड पडद्यावरचं गाण्याचं नाव गायब, आवाज मात्र बरोबर बदलतोय, मग कनेक्शन तुटतं आणि तीन सेकंदांनी परत जोडलं की नाव परत हजर. कनेक्शन तुटतंय म्हटल्यावर मी वायफायलाच धरून बसलो. राउटर हॉलमधून आण्णांच्या खोलीत आणला, पेटीतला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड बदलला, सप्लाय बदलला. मग संशय गेला एन्कोडरवर (नॉबच्या टिक मोजणारा भाग), कारण ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त पाचच्या पाकिटातले दोन हातात आले तेच खडखडत होते (परत त्या दुकानातून घेणार नाही, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील पण हाताला टिक-टिक नीट लागणारा एन्कोडर घ्या). १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावले, आठ चॅनलचा लॉजिक अ‍ॅनलायझर (सिग्नल टिपणारं उपकरण) लावून बघितलं तर एन्कोडरचे पल्स अगदी स्वच्छ. तो अ‍ॅनलायझर मात्र प्रत्येकानं घ्यावाच, त्याच्यामुळं निदान हार्डवेअरचा नाद सुटला.

खरा धागा दिला आण्णांनी. पेटी त्यांच्यासाठीच चाललीये, फोनवरचं अ‍ॅप त्यांना जमत नाही, रेडिओसारखं बटण पाहिजे. परवा कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं ऐकत बसलेले, तिथनंच म्हणाले, "आरं, आवाज वाढवला की नाव पळतंय बघ, गाणं बदललं की न्हाई पळत." वायफायचा दोष असता तर दोन्ही वेळी पळालं असतं ना!

मग पायवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) लावला, एमपीडीच्या पोर्ट ६६०० वर, आणि नॉब गरागरा फिरवला. माझा क्लायंट एरवी आयडलमध्ये बसलेला असतो, म्हणजे 'काही बदललं की कळव' असं सर्व्हरला सांगून वाट बघत. आयडलमध्ये असताना नोआयडल ('वाट बघणं संपव') सोडून दुसरं काहीही पाठवलं की सर्व्हर सरळ कनेक्शन तोडतो, म्हणून नॉबच्या प्रत्येक टिकला मी नोआयडल, सेटव्हॉल (आवाज बदल), स्टेटस (सध्याची स्थिती सांग), करंटसाँग (चालू गाण्याची माहिती सांग) आणि परत आयडल असं पाठवतो. आता गंमत बघा, सेटव्हॉलमुळं आवाज बदलला की सर्व्हर ते मिक्सर (आवाजाचं सेटिंग) बदलल्याचं सगळ्या क्लायंटना कळवतो, ज्यानं बदलला त्यालासुद्धा. म्हणजे माझं आयडल पोचल्या पोचल्या 'चेंज्ड मिक्सर' आणि ओके असं उत्तर निघतं, आणि तेवढ्यात मी दुसऱ्या टिकचं नोआयडल पाठवलेलं असतं. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. सर्व्हरला नोआयडल मिळतं तेव्हा तो आयडलमध्ये नसतोच, मग तो काय करतो? काहीच नाही. ओके नाही, अ‍ॅक एरर नाही, चक्क गप्प.

आणि मी नोआयडलच्या ओकेची वाट बघत बसलेलो! पुढं आलेलं सेटव्हॉलचं ओके मी नोआयडलचं धरलं, मग सेटव्हॉलच्या जागी स्टेटसचं उत्तर, स्टेटसच्या जागी करंटसाँगचं, आणि करंटसाँगच्या जागी आयडलचं 'चेंज्ड मिक्सर', त्यात टायटल कुठनं असणार, म्हणून नाव गायब. शेवटी हिशोब इतका चुकला की आयडल चालू नाही असं समजून मी पुढची कमांड टाकली, सर्व्हर तर खरोखर आयडलमध्ये होता, त्यानं कनेक्शन तोडलं. एका ओकेच्या चुकीनं अख्खी रांग एक घर पुढं सरकत होती.

खात्रीसाठी एमपीडीचा सी प्लस प्लस सोर्स उघडला तर तिथं कमेंटच लिहिलीये: क्लायंट आयडलमध्ये नसेल तर काही करायचं नाही, कारण त्याला आयडलचं पूर्ण उत्तर आधीच मिळालेलं आहे. वाचून इतकं बरं वाटलं! म्हणजे नोआयडलला स्वतःचं उत्तर नाहीच. एका आयडलला एकच उत्तर, मग ते चेंज्डनं येवो नाहीतर नोआयडलनं. आता नोआयडल पाठवतो, पण उत्तराची वाट बघायच्या रांगेत टाकतच नाही. आयडलला एक वेगळं कनेक्शन आणि कमांडला दुसरं, असंही करून बघितलेलं आणि बग गेलाही होता, पण का गेला ते कळत नव्हतं म्हणून काढून टाकलं, आणि काढलं ते बरंच केलं असं आता वाटतंय.

सोबत एक केलं, नॉबच्या टिक ४० मिलिसेकंद साठवून एकच सेटव्हॉल पाठवतो, आणि स्टेटस-करंटसाँग एका कमांड लिस्टमध्ये, म्हणजे एकत्र. काल रात्री वीस मिनिटं नॉब फिरवत बसलो, एकदाही नाव हललं नाही.

आता राहिलं देवनागरी. ओलेडवर 'मिरज' लिहिलं की वेलांटी म च्या उजवीकडं जाऊन बसते, जोडाक्षरांचे तर तुकडेच. ओलेडवर अक्षरं काढणाऱ्या यू८जी२ लायब्ररीला शेपिंग (अक्षरं-मात्रा नीट जोडून मांडणं) कळत नाही. लागतील तेवढी जोडाक्षरं फॉन्टमध्ये आयती बसवायची असं ठरवलेलं, शंभरेक काढूनही झालीत. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, नाव पायवरच का काढू नये? पायथनमध्ये पिलो (चित्रांची लायब्ररी) आणि राक्म (शेपिंगची लायब्ररी) असलं की शेपिंग बरोबर होतं, १२८ बाय ३२ चं चित्र म्हणजे फक्त ५१२ बाइट, बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) केलं तर ६८४ अक्षरं. आणि पाठवायचं एमपीडीच्याच चॅनलवरून (क्लायंटनी एकमेकांना निरोप द्यायची सोय)! पायवरचा छोटा क्लायंट सेंडमेसेज करणार, पेटीनं सबस्क्राइब केलेलं असणार, आयडलमध्ये 'चेंज्ड मेसेज' आलं की रीडमेसेजेस. दुसरा सॉकेट नको, एचटीटीपी नको. आयडल पक्कं झालंय म्हणूनच हे सुचलं.

फॉन्टचं काम आजपासून बंद. रविवारी चॅनलवाला हेल्पर लिहायला घेतो, पहिली चाचणी 'ज्योत्स्ना' या शब्दावर. कुणी पेटीसारख्या छोट्या क्लायंटमध्ये मेसेज चॅनल वापरलं असेल तर एकाच वेळी दोन मेसेज आले की तुम्ही काय करता ते सांगा, मी सध्या शेवटचाच धरणार आहे.