यवतेश्वरचा उतार: माझी पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा विषय निघाला की गाडी पहिली चढावरच जाते. घाट धावत चढता येतो का, चालावं लागतं का, दम किती लागतो. यंदा मी ही शर्यत पहिल्यांदा पूर्ण केली आणि माझं मत पक्कं झालं: चढ दमवतो हे खरं, पण शर्यत ठरते उतारावर. नव्याने धावणाऱ्यांना हे कोणीतरी वेळेत सांगायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मला ते वेळेत सांगणारा माणूस भेटला.

आधी मार्ग. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाका, मग शहरातून अदालत वाड्यावरून समर्थ मंदिर आणि पुढे बोगदा. बोगद्यापाशी सज्जनगडाची वाट वेगळी होते आणि आपला कासचा रस्ता यवतेश्वरच्या घाटाला लागतो. घाट चढून प्रकृती रिसॉर्टच्या आसपास वळायचं आणि आल्या रस्त्याने परत. अंतर 21.1 किलोमीटर. सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंतचा शहरातला रस्तासुद्धा चढाचाच आहे. स्कूटरवरून जाताना ते जाणवत नाही, पायांना मात्र लगेच कळतं.

2012 मध्ये ही शर्यत सुरू झाली. 2015 साली एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनीज विक्रम हिच्या नावावर लागला, 2,618 धावपटूंचा. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. त्यानंतरही बरीच वर्षं कडेलाच राहिले. मी शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या मुली जिल्हा पातळीवर धावतात आणि माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांचं नाव त्यांच्या तोंडी सतत असतं. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठलेली आपल्या जिल्ह्याची मुलगी, याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांतल्याच एकीने मधल्या सुट्टीत विचारलं, "बाई, तुम्ही का नाही पळत घाट?" तिला खरंच उत्तर हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, आणि पुढे नोंदणी सुरू झाली तेव्हा मी नाव घातलं.

नोंदणी शर्यतीच्या कितीतरी महिने आधी होते आणि जागा भराभर संपतात. ओळखपत्र, रक्तगट, अडीअडचणीला कळवायचा नंबर, टी-शर्टचं माप हे सगळं हाताशी ठेवून बसावं. वय चाळिशीच्या पुढे असल्यामुळे मी आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करून घेतली. चाळिशीच्या आसपासच्या प्रत्येकाने ती करावी असं माझं ठाम म्हणणं आहे. बायकांसाठी आणखी एक: बुटांइतकाच खर्च चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करायला मागेपुढे पाहू नका.

सरावाची मूळ घडी साधी होती. आठवड्यातून तीन-चार दिवस हलकं धावणं, एक दिवस चढावर, रविवारी लांब अंतर. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगाने बहुतेक धावायचं, हे एक सूत्र सांभाळलं की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात. पण घाटाचं काय करायचं, हे मला अण्णांनी शिकवलं.

अण्णा आमच्या गल्लीतले, एसटीतून निवृत्त झालेले चालक. नोकरीची सगळी वर्षं घाटांत काढलेली. निवृत्तीनंतर धावायला लागले आणि आता दरवर्षी ही शर्यत धावतात. पहिल्या रविवारी आम्ही यवतेश्वरला चढलो आणि वर पोचल्यावर मी म्हटलं, "अवघड भाग झाला." अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "बाई, घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा असतो. ब्रेकवर गाडी उतरवली की लायनर तापतात, न् मग ऐन वळणावर ब्रेक लागत नाय. तुमच्या मांड्या म्हंजे ते लायनर."

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं, आणि ते त्यांच्या सांगण्याशी तंतोतंत जुळलं. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना अंगाचा भार झेलतो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा जास्त होते. दम लागत नाही, त्यामुळे उतार फुकटचा वाटतो. पण हिशोब चुकता होतो तो शेवटच्या किलोमीटरमध्ये आणि पुढच्या दोन दिवसांत जिन्यावर. चांगली बाजू अशी की एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी बराच सोसतो, आणि ते संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून उताराचा सराव शर्यतीच्या बराच आधी करायचा आणि शेवटच्या दहा-बारा दिवसांत थांबवायचा.

उतरायचं कसं, हे अण्णांनी मला एकाच वळणावर पुन्हापुन्हा करून घेतलं. पाऊल छोटं आणि भरभर. टाच पुढे रोवून अंग मागे टाकलं की तो झाला ब्रेक. त्याऐवजी पाऊल कमरेच्या खालीच पडलं पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला, अंग उताराच्या दिशेने थोडं झुकलेलं. नजर पायांपाशी न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे. हात थोडे पसरले तरी चालतील. पावसाळ्यात घाटाच्या कडेला शेवाळ धरतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला उतार जास्त तीव्र असतो, म्हणून ती बाजू टाळायची. सुरुवातीला मला पडण्याची भीती वाटायची. पाऊल आखूड केलं की ती गेली, कारण आखूड पाऊल केव्हाही थांबवता येतं.

चढाचं तंत्र त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. बोलता येईनासं झालं की चालायचं, आणि झपाझप चालायचं, हात हलवत. चालण्यात कमीपणा मानणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तीव्र वळणावर माझं धावणं आणि माझं चालणं यांच्या वेगात फरक नसेल, तर धावून दम घालवण्यात काय हशील?

शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला गेले. बाहेरगावची इतकी माणसं, कंदी पेढ्यांच्या दुकानांवर गर्दी, लॉज भरलेले. वेळ मोजणारी चिप बिबाच्या मागेच असते, ती दुमडायची नाही, एवढं मात्र नीट लक्षात ठेवा. त्या रात्री झोप जेमतेम लागली. अण्णांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं, "आदल्या रात्रीची झोप धरायची नाय, त्याच्या आदल्या रात्रीची धरायची," त्यामुळे चिंता केली नाही. पहाटे दोन केळी, चहा, काखेत आणि मांड्यांना पेट्रोलियम जेली. पावसात भिजलेले कपडे दीड-दोन तासांनी कातडं सोलतात.

सुरुवात होताच नाक्यावर महाराजांच्या पुतळ्यापाशी जयजयकार झाला आणि अंगावर काटा आला. तो आवेग आवरणं हेच पहिल्या तीन किलोमीटरचं काम. आजूबाजूचे सुसाट निघाले होते. मी अण्णांच्या शेजारून हलले नाही. अदालत वाड्याच्या चढावर घरांच्या पायऱ्यांवर आज्या बसल्या होत्या, पोरं हात पुढे करून टाळी मागत होती, कुठे हलगी तर कुठे ढोल. समर्थ मंदिरापाशी आमच्या शाळेच्या मुली उभ्या होत्या. "बाई, बाई!" करत त्या माझ्याबरोबर बोगद्याच्या दिशेने शंभरेक पावलं धावल्या. त्यातली एक म्हणाली, "दमू नका, वर लई भारी दिसतं!"

तिने खरंच सांगितलं होतं. घाटात पहिली वळणं धुक्यात गेली, बारीक पाऊस होता, समोरच्या माणसाची फक्त पाठ दिसत होती. मग एका वळणावर धुकं फाटलं आणि खाली सगळं सातारा, पलीकडे अजिंक्यतारा. ज्या रस्त्याने मी चढत होते त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला कासचा तलाव आहे. त्याचं पाणी पिऊन हे शहर वाढलंय, मीही वाढले. हा विचार तिथे का आला माहीत नाही, पण पाय हलके झाले. अजून निम्मा घाट बाकी असताना पुढचे धावपटू वरून परत येऊ लागले. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकण्यासारखा असतो: दाणदाण अजिबात नाही, ओल्या डांबरावर हलकी, सलग टपटप. अण्णांनी बोट दाखवलं, "ऐका." उतार कसा धावायचा ते त्या आवाजात सगळं होतं.

वळण घेतलं तेव्हा घड्याळ बघितलं नाही. खजूर खाल्ला, इलेक्ट्रॉलचे चार घोट घेतले. गारव्यात तहान कमी जाणवते पण घाम जातच असतो, आणि त्याच भीतीने लोक प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पितात, तेही बरं नाही. घोट-घोट, तहानेप्रमाणे, एवढं पुरतं.

आणि मग उतार. आमच्या दोन्ही बाजूंनी माणसं ढांगा टाकत निघून गेली. मोह होतो, कारण इतका वेळ कष्टाने चढल्यावर रस्ता स्वतःहून वेग देत असतो. मी पावलं मोजत राहिले, आखूड, भरभर, मनातल्या मनात "गिअर, गिअर" म्हणत. अंग थोडं मागे गेलं की अण्णा नुसतं "ब्रेक!" म्हणायचे. घाट संपता संपता, बोगद्याच्या अलीकडे, मघाशी पुढे गेलेल्यांपैकी काहीजण कठड्याला धरून मांडी ताणत होते, स्वयंसेवक त्यांच्या पायांवर स्प्रे मारत होते. एका ताईंच्या पोटरीत गोळा आला होता. आम्ही थांबलो, अण्णांनी त्यांचा पंजा धरून हळूच वर ताणला आणि त्या चालायला लागल्यावरच पुढे निघालो.

बोगद्यानंतर पाय दुखत होते, पण माझं म्हणणं ऐकत होते. समर्थ मंदिरापासून खाली शहराचा उतार येतो, आणि मांड्या शाबूत असतील तर शर्यतीतला सगळ्यात आनंदाचा तुकडा हाच. मुली पुन्हा तिथेच उभ्या होत्या, आवाज बसेपर्यंत ओरडत. तिथून अण्णा म्हणाले, "आता तुम्ही जावा पुढं, बाई." मी गेले. नाक्यापर्यंत मी आयुष्यात धावले नव्हते तेवढ्या मोकळेपणाने धावले. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा रडू आवरलं नाही. गळ्यात पदक पडलं, अण्णा मागून आले, त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "बसू नका, चालत ऱ्हावा."

मंगळवारी शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही. मुलींनी ते बारकाईने पाहिलं. आता आठवीतल्या काहीजणींना घाटात यायचं आहे. रविवारी सकाळी कास बघायला येणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत, म्हणजे उजाडतानाच जायचं ठरलंय. पालकांची संमतीपत्रं जमा झाली आहेत. पहिल्या दिवशी चढ सगळ्यांनी चालतच चढायचा, आणि उतार अण्णा शिकवणार आहेत.