आमची वाटचाल : आधी दुरुस्ती, मग दुकान

आमचं दुकान ट्रेकिंगचे बूट आणि सॅक विकायला म्हणून सुरू झालंच नाही. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कोल्हापुरात चप्पल-बॅग दुरुस्तीची टपरी होती. आरी, रापी, सोल्युशनचा डबा आणि पायानं चालणारं एक शिलाई मशीन. वर्षभर शाळेची दप्तरं आणि चपलांचे तुटलेले अंगठे. जुलै आला की मात्र गिऱ्हाईक बदलायचं.

१६६०च्या जुलैत महाराज पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडाकडे गेले, त्या वाटेनं दर पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड मोहिमा निघतात. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, वरून धो धो पाऊस. मसाई पठाराचा जांभा ओलांडून खोतवाडी, करपेवाडीकडं गेलं की रोपलावण झालेली भाताची खाचरं लागतात. तिथं पाय रुतला की बूट वर येतो आणि सोल चिखलात राहतो. मोहीम संपल्यावरच्या सोमवारी टपरीपुढं पोत्यानं माल पडायचा. बी.कॉम. झाल्यावर, २००८ साली, मी आण्णांच्या शेजारी बसायला लागलो ते याच गर्दीत.

दोन-तीन पावसाळे दुसऱ्यांचे फाटके बूट हातात धरल्यावर कळायला लागलं की माल कुठं फाटतो ते ठरलेलं असतं. सॅकचा खांदापट्टा वरच्या शिवणीतनं उसवतो. बूट पुढच्या वळणावर चिरतो. आणि काही बुटांचं वेगळंच. एक गिऱ्हाईक जवळजवळ कोरे बूट घेऊन आलं, सहा वर्षं कपाटात जपून ठेवलेले, सोल सुटलेला. आण्णांनी घासून, सोल्युशन लावून, कडेनं टाके घालून दिले. आठ दिवसांत पुन्हा हजर. या वेळी मी बोटानं दाबून बघितलं, तर मधला थर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. पॉलियुरेथेनचा फोम हवेतली ओल धरतो आणि न वापरताही आतून कुजतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. दोष चिकटवण्यात नव्हताच, चिकटवायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवसापासून जुना बूट आला की आधी अंगठ्यानं दाबून बघतो, आणि भुगा होत असेल तर पैसे न घेता परत देतो.

२०१२ साली शेजारचा गाळा भाड्यानं घेतला आणि स्वतःच्या सॅक शिवायला घेतल्या. पहिली खेप पंचवीसची. त्यातल्या नऊ त्याच पावसाळ्यात परत आल्या, आणि फाटल्या कुठं, तर खांदापट्ट्याच्या शिवणीत! दुसऱ्यांच्या सॅक दुरुस्त करून शहाणे झालेलो आम्ही, तीच चूक स्वतः करून बसलो. साधा दोरा, एकेरी टीप. आण्णा काही बोलले नाहीत; नऊच्या नऊ उसवून समोर मांडून ठेवल्या, तेवढंच. आता नायलॉनचा दोरा, पट्टा आतल्या दुसऱ्या कापडापर्यंत नेऊन दुहेरी टीप आणि वर बारटॅक, म्हणजे ताण येतो तिथं एकाच जागी घातलेले दाट टाके.

बुटांतही आपटलो. एका पुरवठादारानं वॉटरप्रूफ बूट गळ्यात मारले आणि मी हौसेनं चाळीस जोड उचलले. हिमालयातल्या कोरड्या थंडीला, बर्फाला ते ठीक. आपल्या पावसात पाणी शिरतं ते घोट्यावरून. ओढा ओलांडला की बूट भरतो, आणि आतलं जे अस्तर पाणी अडवायला असतं, तेच पाणी बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर कळशीत पाय घालून चालल्यासारखं. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी पाणी निथळून जाणारा जाळीचा बूट, खाली खोल खाचांचा मऊ रबरी सोल. शेवाळलेल्या कातळावर कडक रबर साबणासारखं घसरतं. ते चाळीस जोड विकायला तीन वर्षं लागली, तेही नेपाळ-उत्तराखंडला जाणाऱ्यांनाच, आणि सांगून-सवरून.

मापाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आमचा निम्मा वेळ त्यातच जातो. दुकानात सुताराकडून एक उतरण करून घेतलीय, पाच फूट लांब. नवे बूट घातले की गिऱ्हाइकाच्या पाठीवर दहा किलोची सॅक देतो आणि उतरणीवर खाली तोंड करून उभं करतो. बोटं पुढं टेकली तर बूट लहान. सपाट फरशीवर हे कळत नाही. कळतं ते गड उतरताना, आणि आठवड्यानं नख काळं पडतं. पुढं अंगठ्याएवढी जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. टाच उचलली की फोड आलाच. सॅकमध्ये वजन म्हणून ज्वारीच्या पिशव्या आहेत. आई अजून म्हणते, धान्याला पाय लागतील रे!

सॅकचं माप उंचीवर नसतं, पाठीवर असतं. मान वाकवली की मागं जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या पातळीपर्यंत टेप लावतो. सहा फुटी माणसाची पाठ सतरा इंच निघालेली मी बघितलीय. वजन पेलायचं कमरेनं. खांदे फक्त तोल धरतात. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसत नसेल, तर सॅक कितीही भारी कंपनीची असो, संध्याकाळी खांदे रडणारच.

आमचं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. नर्मदा परिक्रमेला निघालेल्या. नदी १,३१२ किलोमीटर, दोन्ही काठ धरले की २,६००च्या पुढं. भरलेली सॅक घेऊनच आल्या, चौदा किलो. म्हटलं, "काकू, सगळं बाहेर काढूया." तासभर फरशीवर पसारा. दोन ब्लँकेटं, स्टीलचा डबा, तीन टॉर्च. "अरे, रात्री लागले तर?" शेवटी साडेसहा किलोवर आलो. रेनकव्हर दिलं, पण पाठीकडनं पाणी शिरतंच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवीही घातली. महाग कव्हरापेक्षा तीच जास्त कामाची. बूट एक नंबर मोठा दिला, कारण महिनोन् महिने चालल्यावर पाय पसरतो. त्यांना ते पटलं नव्हतं. परत आल्यावर पेढे घेऊन आल्या आणि आधी तळवा दाखवला: सहा नंबरचा पाय सात नंबरचा झाला होता. तीन जोड झिजवून आल्या होत्या, आणि प्रत्येक जोडाचा सोल टाचेच्या बाहेरच्या बाजूनं खाल्लेला. आण्णांनी ते जोड मागून ठेवून घेतले.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं आणि खालच्या फळीवरचा माल गेला. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. त्या दोन वर्षांबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की दुरुस्तीनं तारलं.

आज आम्ही पाच जण आहोत. आण्णा सत्तरीत आहेत, अजून दुपारी दोन तास आरी घेऊन बसतात. मोहिमेच्या आदल्या दिवशी नवे बूट मागायला पोरं येतात, त्यांना आम्ही देत नाही. "भावा, जुनेच घाल, कडेनं टाके मारून देतो." उद्या पन्हाळ्यावर कोरा बूट चावला तर पावनखिंडीपर्यंत त्याला आमचंच नाव आठवायचं.

दुकान सकाळी दहाला उघडतं. बूट घ्यायचे असतील तर पाचनंतर या, दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि माप खरं मिळतं. मोजे स्वतःचे आणा, चालताना घालता तेच.